कापसाच्या हंगामात रोजची प्रार्थना टिकवायची कशी?

ताई, तुमचा प्रश्न नीट वाचला. नागपूरला वसतिगृहात होता तेव्हा पहाटे पाऊण तास ‘शांत वेळ’ घेत होता: एक अध्याय, वहीत टिपण आणि मग प्रार्थना. लग्न होऊन केळापूर तालुक्यातल्या गावी आलात आणि ते सगळं सुटलं. पहाटे पाणी, भाकरी, मुलांचे डबे, मग वावर. रात्री पाठ टेकली की झोप. दर जानेवारीत आणि लेंटमध्ये, म्हणजे ईस्टरआधीच्या उपासकाळात, नव्याने सुरुवात करता आणि दोन आठवड्यांत ती मोडते. मंडळी, म्हणजे चर्च, लांब, दर रविवारी जाणं होत नाही. घर दोन खणांचं, त्यात सासूबाईंचं देवघर. किती मिनिटं, कोणती वेळ आणि सारखं मोडलं तर देव रागावतो का, असं तुम्ही विचारलं आहे.

मी पाळकाची बायको. यवतमाळ आणि अमरावती जिल्ह्यांतल्या खेड्यांत बायकांच्या प्रार्थनासभा घेण्यात माझी बरीच वर्षं गेली. तुमच्यासारखं सांगणाऱ्या कितीतरी जणी भेटल्या, आणि बहुतेकींना वाटत होतं की आपल्या विश्वासातच कमी आहे. तुमच्या लिहिण्यात मला तसं दिसत नाही. जिचा विश्वास थंडावला ती दर वर्षी नव्याने सुरुवात करत नाही. अडचण अशी आहे की वसतिगृहातला दिवस घड्याळावर चालायचा आणि तिथली प्रार्थना तुम्ही जशीच्या तशी गावातल्या दिवसात बसवू पाहताय. हा दिवस घड्याळावर चालत नाही. नळाला पाणी कधी येतं, दव कधी उतरतं, मजुरांना न्यायला गाडी कधी येते, त्यावर तो चालतो. पहाटे पाचची वेळ ठरवली आणि साडेचारलाच पाणी आलं, की त्या दिवसाची प्रार्थना गेलीच.

आणखी एक गोष्ट पाहा. तुम्ही सुरुवात करता ती जानेवारीत किंवा लेंटमध्ये. जानेवारीत कापसाची वेचणी चालूच असते. लेंट फेब्रुवारी-मार्चमध्ये येतो, तेव्हा हरभरा आणि गहू काढणीला आलेला असतो. वर्षातल्या सगळ्यांत थकवणाऱ्या दिवसांत तुम्ही सगळ्यांत मोठा संकल्प करता. तो मोडला यात नवल नाही.

पुढचं सांगण्याआधी काही गोष्टी तुमच्याकडूनच कळायला हव्यात. तुमचे यजमान विश्वासात आहेत, पण फारसं बोलत नाहीत, एवढंच तुम्ही लिहिलंय. सासूबाईंचा विरोध आहे की नुसता संकोच, ते कळत नाही. स्वतःच्या वावरात राबता की दुसऱ्याच्या मजुरीला जाता, यानेही फरक पडतो. मजुरी वेचलेल्या किलोंवर मिळत असेल तर दुपारी पाच मिनिटं थांबणंही महाग पडतं. एखादं तान्हं मूल असेल तर खालच्या निम्म्या गोष्टी पुढच्या वर्षावर ढकला. म्हणून मी जे सांगते ते तुमच्या घराच्या मापाने कापून घ्या.

पहिली गोष्ट: प्रार्थना वेळेला बांधू नका, कामाला बांधा. असं काम शोधा जे वर्षाचे बाराही महिने रोज होतं, ज्यात जीभ आणि मन मोकळं असतं आणि ज्याच्या मध्ये सहसा कोणी हाक मारत नाही. बहुतेक बायका आधी चूल किंवा चहा निवडतात. माझ्या अनुभवात ते टिकत नाही, कारण गॅस पेटला की सगळं घर उठतं. पाणी भरणं निवडावं तर हातपंपावर चार जणी बोलायला असतात. वावराकडे एकटीने पायी जाणारीला ती वाट फार उपयोगी पडते, पण मेटॅडोरमध्ये दाटीवाटीने जाणारीला नाही. सगळ्यांत जास्त जणींकडे टिकलेलं पाहिलं ते वेणीफणीचं काम. रोज होतं, पेरणीत होतं, वेचणीत होतं, पाहुणे आले तरी होतं. तोंड आरशाकडे किंवा भिंतीकडे असतं. त्या चार-पाच मिनिटांत बाईला कोणी काही मागत नाही. तुमच्या घरी दुसरं एखादं काम जास्त सोयीचं असेल तर ते घ्या. मात्र एकदा ठरलं की महिनाभर बदलू नका, तेच ठेवा.

त्या चार मिनिटांत म्हणायचं काय? वसतिगृहात आपल्याला शिकवलं जातं की प्रार्थना मनातून, स्वतःच्या शब्दांत करावी. ते खरंच आहे. पण पहाटे साडेचारला उठलेल्या, अंग दुखत असलेल्या बाईला स्वतःचे शब्द सुचत नाहीत, आणि शब्द सुचले नाहीत की प्रार्थना झालीच नाही असं तिला वाटतं. अशा दिवसांसाठी ठरलेले शब्द हवेत. शिष्यांनी प्रभूला म्हटलं, आम्हांला प्रार्थना करायला शिकव, तेव्हा त्याने त्यांना शब्दच दिले. पहिल्या-दुसऱ्या शतकातल्या मंडळ्यांसाठी लिहिलेल्या ‘दिदाखे’ या छोट्या ग्रंथात तीच प्रभूची प्रार्थना दिवसातून तीन वेळा म्हणा असं सांगितलं आहे. ठरलेले शब्द म्हणजे कमी दर्जाची भक्ती, हा समज मनातून काढून टाका.

ती प्रार्थना मात्र हळू म्हणा. एकेका ओळीत आपला दिवस ठेवत जा. ‘आमची रोजची भाकर आज आम्हांला दे’ म्हणताना आज किती जणांच्या भाकरी थापायच्या आहेत ते मनात आणा आणि ज्या घरात आज चूल पेटेल की नाही याची शंका आहे त्या घराचं नाव घ्या. ‘आमची ऋणे आम्हांला सोड’ ही ओळ आपल्या जिल्ह्यात म्हणताना घसा दाटून येतो. सोसायटीचं कर्ज, सावकाराचं कर्ज, कृषी केंद्रावरची बियाण्या-खताची उधारी, या पायी इथल्या किती घरांतला माणूस गेला ते तुम्हाला मी सांगायला नको. प्रभूने ही ओळ देताना पापांबद्दल सांगितलं हे खरं, पण ऐकणाऱ्या गालीलातल्या शेतकऱ्यांना आणि मजुरांना कर्ज काय असतं ते चांगलं माहीत होतं. त्या ओळीवर थांबा. आपल्या मनावरचं ओझं ठेवा आणि आपण कोणाला मनातून सोडलेलं नाही तेही पाहा. जाऊ असेल, शेजारीण असेल, धुऱ्यावरून, म्हणजे शेताच्या बांधावरून, भांडण झालेला चुलता असेल. रोज एकाच ओळीवर थांबलात तरी चालेल. अशी म्हटलेली प्रार्थना चार मिनिटांत पुरी होते आणि त्यात तुमचं सगळं घर येऊन जातं.

मोठ्याने म्हणायची गरज नाही. हन्नाची गोष्ट तुम्हाला माहीत आहे, पहिल्या शमुवेलच्या पहिल्या अध्यायातली. ती मनातल्या मनात बोलत होती, नुसते ओठ हलत होते, आवाज ऐकू येत नव्हता. एली याजकाला वाटलं ही प्यायली आहे. देवाने मात्र ऐकलं. दोन खणांच्या घरात हन्नाची रीत फार उपयोगाची आहे.

आता दिवसातल्या बाकीच्या वेळा. स्तोत्र ५५ मध्ये संध्याकाळी, सकाळी आणि दुपारी असा तीन वेळांचा उल्लेख आहे. दानीएल राज्यकारभारात बुडालेला अधिकारी होता, तरी तो दिवसातून तीनदा गुडघे टेकत असे. पेत्र यापोमध्ये दुपारी घराच्या धाब्यावर प्रार्थनेला गेला तेव्हा त्याला भूक लागली होती आणि खाली जेवण तयार होत होतं, असं प्रेषितांच्या कृत्यांच्या दहाव्या अध्यायात लिहिलं आहे. मला ती ओळ फार आवडते, कारण त्यात प्रार्थना आणि स्वयंपाक एकाच घरात, एकाच वेळी चालू आहेत. पण तुम्हाला मी पहिल्याच महिन्यात तीन वेळा सांगणार नाही. सकाळची वेणीची प्रार्थना पक्की होऊ द्या. मग दुपारी धुऱ्यावर डबा उघडताना एक वाक्य उपकाराचं. रात्रीचं सगळ्यांत शेवटी.

वाचनाबद्दल माझं मत थोडं वेगळं आहे. वेचणीच्या दिवसांत रोज अध्याय वाचण्याचा हट्ट धरू नका. रविवारी एक वचन निवडा, कागदावर मोठ्या अक्षरात लिहा आणि फणीच्या डब्यात ठेवा. आठवडाभर तेच. सहाव्या दिवशी ते पाठ झालेलं असतं आणि ओटी बांधून पऱ्हाटीच्या तासात उभं असताना आपोआप ओठांवर येतं. सुरुवातीला स्तोत्रांतून घ्या: १२१, २३, पेरणीच्या दिवसांत ६५, अश्रूंनी पेरणाऱ्यांचं १२६. पाऊस दडी मारून बसला आणि देव ऐकतच नाही असं वाटलं तर १३ घ्या. ‘कुठवर’ असं देवाला विचारायची परवानगी तिथे दिलेली आहे.

उलंगवाडी झाली, म्हणजे कापसाचा हंगाम संपला, पऱ्हाट्या उपटून झाल्या की एप्रिल-मे तुमचे. त्या उन्हात दुपारी कोणी वावरात जात नाही. तेव्हा अध्याय वाचा, वही काढा, वसतिगृहातली शांत वेळ परत घ्या. मार्काच्या शुभवर्तमानापासून सुरुवात करा. १६ अध्याय आहेत, गोष्ट भरभर पुढे जाते. नव्या करारात एकूण २६० अध्याय आहेत. आठवड्यात पाच दिवस रोज एक वाचला तर बरोबर वर्षात संपतो आणि दोन दिवस सुटले तरी हिशेब बिघडत नाही. पण हे उन्हाळ्यात सुरू करा आणि मृग लागला, पेरणीची धांदल सुरू झाली की बिनदिक्कत पुन्हा कागदावरच्या वचनावर या. ज्याचं वर्ष हंगामावर चालतं त्याची भक्तीही हंगामाप्रमाणे लहानमोठी होणार. त्यात अपराध नाही.

थोडक्यात, आत्तापर्यंत मी तीनच गोष्टी सांगितल्या: प्रार्थना एका रोजच्या कामाला बांधा, शब्द ठरलेले ठेवा आणि वाचन हंगामाप्रमाणे कमीजास्त करा. आता मोडण्याबद्दल, कारण तुमचा खरा त्रास तो आहे.

मार्काचा सहावा अध्याय काढा. शिष्य दमून आले आहेत, येणाऱ्या-जाणाऱ्यांमुळे त्यांना जेवायलाही सवड नाही. प्रभू म्हणतो, चला, एकांतात जरा विसावा घ्या. ते तारवात बसून निघतात, पण लोक काठाकाठाने धावत त्यांच्या आधीच तिथे पोचतात. एकांत गेला. प्रभू त्या लोकांवर चिडत नाही, त्याला त्यांचा कळवळा येतो. तो त्यांना शिकवतो, संध्याकाळी पाच भाकरी आणि दोन मासे वाढतो. मग शिष्यांना तारवात बसवून पुढे पाठवतो, लोकसमुदायाला निरोप देतो आणि प्रार्थना करायला डोंगरावर जातो. दिवसा हुकलेला एकांत त्याने रात्री घेतला. त्याआधी पहिल्या अध्यायात तो अंधारातच उठून प्रार्थनेला गेला होता, तेव्हाही शिमोन शोधत आला: सगळे तुला शोधत आहेत! मुलगी रडत उठली म्हणून तुमची प्रार्थना अर्धी राहिली, तर तसाच दिवस प्रभूच्या वाट्यालाही आला होता हे लक्षात ठेवा. मुलीला घ्या. उरलेली प्रार्थना रात्री करा, नाही जमली तर उद्या सकाळी वेणी घालताना.

राहिलेले दिवस भरून काढू नका, ही गोष्ट मी ठासून सांगते. तीन दिवस चुकले म्हणून चौथ्या दिवशी चार अध्याय वाचायला बसलं की पाचव्या दिवशी पुस्तक उघडायचीच धास्ती वाटते. आपल्याकडे पाऊस दगा देतो, बी जमिनीतच करपतं आणि दुबार पेरणी करावी लागते. तेव्हा शेतकरी पहिल्या पेरणीचं बी शोधत बसत नाही, नवं बी घेतो आणि ओल धरून पेरतो. तसंच करा. देवाची दया दर सकाळी नवी होते असं विलापगीताच्या तिसऱ्या अध्यायात लिहिलं आहे, आणि ते लिहिणाऱ्याने आपलं शहर उद्ध्वस्त झालेलं पाहिलं होतं. देव रागावतो का, या प्रश्नाला माझं उत्तर तेच आहे.

सवयीच्या बाजूनेही एक सांगते, कारण २१ दिवसांत सवय लागते असं सगळीकडे ऐकू येतं आणि बाविसाव्या दिवशी चुकलं की माणूस खचतो. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या संशोधकांनी ९६ लोकांच्या रोजच्या सवयींचा अभ्यास केला होता, तो २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. सवय अंगवळणी पडायला सरासरी ६६ दिवस लागले, आणि माणसामाणसांत १८ पासून २५४ दिवसांपर्यंत फरक निघाला. मधला एखादा दिवस चुकल्याने फारसं बिघडत नाही, हेही त्यात दिसलं. तेव्हा दोन आठवड्यांत आपली परीक्षा घेऊ नका. प्रार्थना ही नुसती सवय नाही, ती बोलणं आहे, आणि पवित्र आत्मा आपल्या अशक्तपणात आपल्यासाठी मध्यस्थी करतो हे रोमकरांस पत्राच्या आठव्या अध्यायात आहेच. पण बोलायला रोज त्याच जागी येऊन बसण्याचा भाग सवयीचा असतो आणि सवयीला वेळ लागतो.

एकटीने टिकवणं अवघड असतं. तुमच्या गावात गुरुदेव सेवा मंडळ असेल तर संध्याकाळी राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या परंपरेतली सामुदायिक प्रार्थना तुमच्या कानावर पडत असेल. ती इतकी वर्षं का टिकली ते पाहा: जागा ठरलेली, वेळ ठरलेली, आणि शेजारचा येतो म्हणून आपणही जायचं. आपल्यातही दिवेलागणीला कुटुंबप्रार्थना व्हायची ती याच बळावर. तुमची मंडळी लांब आहे तर मंडळीतली एक बहीण निवडा. रोज फोनवर बोलायला वेळ नाही, रात्री नऊला नुसता मिस्ड कॉल द्यायचा. त्याचा अर्थ एवढाच की आज मी तुझं नाव घेऊन प्रार्थना केली. कॉल आला नाही तर दुसऱ्या दिवशी विचारायचं, बरी आहेस ना? आमच्या बायकांत ही रीत चांगली चालली, आणि कोणी आजारी पडलं तर ते आधी या मिस्ड कॉलवरूनच कळायचं.

यजमानांना आणि मुलांना ओढायचं असेल तर रात्रीच्या जेवणाआधी एक गीत आणि प्रभूची प्रार्थना, बस. यजमान रानडुकरांसाठी जागलीला जात असतील तर ते निघण्याआधी. प्रार्थना मुलाला सांगायला लावा. मोठ्यांची प्रार्थना लांबते, मुलाची लांबत नाही, आणि बाप मुलाचं ऐकून बसतो.

सासूबाईंबद्दल जपून. त्यांच्या देवघरासमोर आपला कोपरा मांडू नका, त्याची गरजही नाही. त्यांच्या पूजेच्या वेळी आवाज करू नका, त्यांच्यासाठी रोज नाव घेऊन प्रार्थना करा, आणि त्यांनी विचारलं तर सरळ खरं सांगा. उघड विरोध असेल, मारझोड किंवा माहेरी पाठवण्याची भाषा असेल, तर तो प्रार्थनेच्या वेळेचा प्रश्न राहत नाही. पाळकांशी आणि माहेरच्यांशी बोला, गप्प राहून सोसू नका.

शेवटी तुम्ही सहज म्हणून लिहिलेलं एक वाक्य माझ्या मनातून जात नाही: रात्री प्रार्थनेला बसते तर नुसतं रडू येतं. कधीकधी ते थकल्याचं रडू असतं. एलीया संदेष्टा झुडपाखाली मरण मागत होता तेव्हा देवाने त्याला आधी झोपू दिलं, दूताकडून भाकर आणि पाणी दिलं, पुन्हा झोपू दिलं. त्याच्याशी बोलणं त्यानंतर झालं. म्हणून आठ दिवस रात्रीची प्रार्थना सोडा आणि त्या वेळात झोपा. एवढं करूनही रडू थांबलं नाही, झोप लागत नसेल, जगावंसं वाटत नसेल, तर ते लपवू नका. १४४१६ हा सरकारचा टेलिमानस क्रमांक आहे, फुकट आहे, मराठीत बोलता येतं, दिवसरात्र. ग्रामीण रुग्णालयातही दाखवा. प्रार्थना करणाऱ्या माणसाने औषध घेऊ नये असं कोणी सांगितलं तर ऐकू नका.

आणि बायबल कोणतं घ्यावं, हा तुमचा छोटा प्रश्न राहिला. मोठं, जाड पुस्तक कपाटातच राहतं. बायबल सोसायटीच्या दुकानात नवा करार आणि स्तोत्रसंहिता एकत्र असलेली लहान प्रत विचारा, अक्षर मात्र डोळ्यांना झेपेल असं पाहून घ्या. मोबाईलवर मराठी बायबल ऐकताही येतं, रात्री तूर निवडताना मार्क ऐकायला छान. फक्त सकाळी वेणीच्या वेळी फोन हातात घेऊ नका. व्हॉट्सॲप उघडलं की ती चार मिनिटं गेली. आजपासूनच सुरू करा, पुढच्या जानेवारीची वाट पाहू नका. महिन्याभराने कसं चाललंय ते इथेच लिहा, मी वाचेन.